करवंटी

गेल्या श्रावणात आमच्या घरी एका शब्दावरून वाद झाला. नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुपारची वेळ, ती मांडीवर संगणक घेऊन बैठकीत बसली होती आणि मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राच्या आड डुलक्या घेत होतो. ती एकदम म्हणाली, ‘‘आबा, आम्हाला सी भाषेत शेल लिहायचा आहे. पंधरा दिवसांत.’’

‘‘शेल म्हणजे शिंपला. तो लिहितात कसा?’’ मी विचारले.

‘‘शिंपला नाही हो, कवच.’’

‘‘कवच अंगावर घालतात.’’

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरात खोबरे खवत होती. आमचा हा शास्त्रार्थ ऐकून तिने आतूनच निकाल दिला, ‘‘आत गर आणि बाहेर कठीण असे काही असेल तर करवंटी म्हणा आणि मोकळे व्हा!’’

पुढे मी या विषयात शिरलो तेव्हा कळले, की आमच्या तिघांत तीच बरोबर होती. संगणकाचा सारा कारभार ज्या मूळ कार्यप्रणालीकडे असतो, तिच्या आतल्या भागाला इंग्रजीत कर्नेल म्हणतात, म्हणजे गरच. आणि त्या गराभोवतीचे, माणसाच्या हाताला लागणारे जे आवरण, ते शेल. आपण आज्ञा टंकायची. शेलने ती वाचायची, शब्द सुटे करायचे, योग्य त्या कामगाराला बोलावून काम सोपवायचे, ते होईपर्यंत थांबायचे आणि मग ‘पुढे काय?’ म्हणून पुन्हा आपल्या तोंडाकडे पाहायचे. निजामी अमदानीतल्या कचेऱ्यांत पेशकार असे. साहेबापुढे कागद तोच ठेवी आणि साहेबाचा हुकूम बाहेर तोच आणी. शेल हा संगणकाच्या दारातला पेशकार.

मी इतिहासाचा मास्तर. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली. यंत्रातले मला काडीचे कळत नाही. परंतु ज्या वस्तूला नाव आहे तिला इतिहास असलाच पाहिजे, हा माझा जुना हट्ट. नात शेल लिहू लागली आणि मी तिच्या शेजारी बसून त्या शेलचे कुळ शोधू लागलो.

हे नाव दिले लुई पुझँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था १९६१ पासून आकाराला येत होती. पुझँ १९६३ च्या सुमारास तेथे गेला. त्याच त्याच आज्ञा रोज टंकण्याचा त्याला कंटाळा आला, म्हणून आज्ञांची यादी एका फाइलीत लिहून ती एकदम चालवण्याची सोय त्याने केली. पुढे मल्टिक्स नावाची मोठी प्रणाली उभी राहत असताना त्याने असे सुचवले, की आज्ञा वाचणारा भाग गरात कोंबू नका. तोही एक साधा कार्यक्रम म्हणून बाहेर ठेवा. त्यालाच त्याने शेल म्हटले. तो मायदेशी परतला, आणि मल्टिक्सचा पहिला शेल प्रत्यक्षात लिहिला ग्लेंडा श्रोडर नावाच्या बाईने. हे मी नातीला सांगितले तेव्हा तिने डोके वर केले. तिच्या पुस्तकात पुझँ नव्हता आणि श्रोडरबाईही नव्हत्या.

मल्टिक्स अवाढव्य होत गेली. बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये त्या उद्योगातून अंग काढून घेतले. तेथला केन टॉम्पसन हा तरुण मोकळा झाला. त्याच्या वाट्याला एक जुने, छोटे यंत्र होते. पीडीपी-७ त्याचे नाव. त्या उन्हाळ्यात त्याची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन आजी-आजोबांना भेटायला तीन-चार आठवडे कॅलिफोर्नियाला गेली. बायको माहेरी गेली की आमच्या पिढीतले नवरे फार तर पिठले-भात शिकत. या पठ्ठ्याने एकेका आठवड्याला एकेक काम वाटून घेतले आणि ती परत येईतो युनिक्स नावाच्या प्रणालीचा पाया घातला. आज जगातले बहुतेक मोठे संगणक आणि आपल्या खिशातले फोन याच वंशाच्या किंवा हिच्या वळणाच्या प्रणालींवर चालतात.

पहिला शेल अगदी गरीब होता. आज्ञा आली की तो स्वतःच्या जागी त्या कामाचा कार्यक्रम आणून बसवी. स्वतः पुसला जाई. काम संपले की शेलला पुन्हा नव्याने आणावे लागे. मग टॉम्पसनने ‘फोर्क’ची युक्ती घेतली. कल्पना बर्कलीच्या एका प्रणालीत आधीच होती. त्याच्या यंत्रावर तिला सत्तावीस ओळी पुरल्या. फोर्क म्हणजे काय, ते नातीने मला समजावले आणि मला वाटते, आपल्याकडच्या माणसाला ते चटकन समजावे. शेल आपलीच हुबेहूब प्रतिकृती करतो. दोघे एकाच ओळीवर उभे. दोघांची स्मृती एक. फरक एवढाच, की मुलाच्या हाती शून्य येते आणि बापाच्या हाती मुलाचा क्रमांक. त्यावरून ज्याने-त्याने आपण कोण ते ओळखायचे. मग मुलाच्या देहात दुसराच कार्यक्रम शिरतो; या क्रियेचे नाव ‘एक्झेक’. परकायाप्रवेशच हा! देह तोच राहतो, आतला जीव बदलतो. बाप ‘वेट’ म्हणून थांबून राहतो. मुलाचे काम संपून तो नाहीसा झाला, की बाप पुढची आज्ञा विचारतो. नातीने सी भाषेत हे सारे चाळीस-पन्नास ओळींत बसवले आणि तिच्या शेलने पहिल्यांदा आजची तारीख दाखवली तेव्हा तिने सौभाग्यवतीला हाताला धरून बाहेर आणले. तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही होती. पण तसे बोलायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोंड उतरले. तिने ‘सीडी’ ही आज्ञा दिली. या आज्ञेने आपण एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायचे असते. शेल चूक दाखवत नव्हता, पण जागचा हलतही नव्हता. रात्रीचे अकरा वाजले. मी माझ्या टिपणांत पाहिले आणि मला हसू आले. युनिक्सच्या त्या सुरुवातीच्या दिवसांतही हेच झाले होते! डेनिस रिची या टॉम्पसनच्या सहकाऱ्याने पुढे तो प्रसंग लिहून ठेवला आहे. फोर्क आल्याबरोबर कप्पा बदलण्याची आज्ञा बंद पडली. सगळ्यांनी पुनःपुन्हा लिखाण तपासले. दोष सापडला तो असा, की कप्पा बदलत होता, पण मुलाचा. मुलगा दुसऱ्या खोलीत जाऊन तिथेच नाहीसा होई. बाप आपला पहिल्याच खोलीत. म्हणून ही एक आज्ञा मुलाकरवी न करवता शेलने स्वतःच पार पाडायची असते. अर्ध्या शतकापूर्वी जगातल्या दोन थोर बुद्धिमंतांना पडलेला खड्डा आमच्या बैठकीत सतरंजीवर पुन्हा पडला. नातीला मी एवढेच वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘‘म्हणजे मी मूर्ख नाही!’’ आणि झोपायला गेली.

सी ही भाषा त्याच रिचीची, १९७२ च्या सुमाराची. १९७३ मध्ये युनिक्सचा गरही तिच्यात नव्याने लिहिला गेला आणि प्रणाली एका यंत्राच्या खुंटीला बांधलेली राहिली नाही. रिची आणि ब्रायन कर्निहॅन यांचे सीवरचे पुस्तक १९७८ चे. आपल्याकडच्या मुलांच्या हातात मात्र ते नसून बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे असते. नव्वदच्या दशकापासून देशभरच्या मुलांनी सी त्यांच्याकडून शिकली. युनिक्सच्या शेलवरही त्यांचे पुस्तक आहे. माझा मुलगा त्यांच्याच पुस्तकावर शिकला. त्याची प्रत आता नातीकडे आहे. समासातल्या त्याच्या अक्षरातल्या शंका वाचून तिची फार करमणूक होते.

आता नळांची गोष्ट. ती सांगायला मी आमच्या गावचा माणूस लायक आहे, असे मला वाटते. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे तिचे फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, पण पाणी प्रत्येक नावाच्या गावाला लागलेच. अंबराने डोंगराच्या पायथ्याकडचे जमिनीखालचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून शहरात खेळवले. त्यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. त्याच परंपरेतली पुढच्या काळातली पाणचक्की. दोन-तीन कोसांवरचे पाणी मातीच्या नळांतून येते, भिंतीवर चढते, तेथून कोसळून खालचे चाक फिरवते आणि चाकाबरोबर जाते फिरते. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या वाटसरूंसाठी त्यावर धान्य दळले जाई. मी शाळेतल्या मुलांना दरवर्षी तेथे नेत असे. मुले हौदातले मासे पाहत आणि मी नळ दाखवत असे. कोणता विषय अधिक चांगला शिकवला गेला, हे सांगायला नको.

डग्लस मॅकिलरॉय हा बेल प्रयोगशाळेतला गणिती. एका कार्यक्रमाला दुसरा कार्यक्रम बागेतल्या नळीसारखा जोडता यावा, असे त्याने १९६४ च्या ऑक्टोबरात एका टिपणात लिहिले. त्याने मलिक अंबराचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. उगाच आपल्या गावाला मान द्यायचा म्हणून इतिहासाला वाकवू नये. मॅकिलरॉय हा हट्ट कित्येक वर्षे धरून बसला. अखेर १९७३ मध्ये टॉम्पसनने एका रात्रीत तो पुरवला. पहिल्या कामगाराने जे बाहेर टाकायचे ते दुसऱ्याच्या तोंडात, त्याचे तिसऱ्याच्या. सुरुवातीची खूण गैरसोयीची होती. लवकरच दोन आज्ञांमध्ये एक उभी रेघ काढायची असे ठरले आणि ती रेघ आजतागायत चालू आहे. यामुळे मोठा, सर्वज्ञ कार्यक्रम लिहिण्याची गरजच उरली नाही. एकाला फक्त ओळी क्रमाने लावता याव्यात, दुसऱ्याला लागोपाठच्या सारख्या ओळींतली एकच ठेवता यावी, तिसऱ्याला मोजता यावे. बाकीचे नळ पाहून घेतील.

नातीने नळ बसवला आणि यंत्र थिजले. मोजणारा कामगार मोजून संपेना. चूक नाही, उत्तर नाही, काही नाही. रात्रीचा एक वाजला. मला पाणी प्यायला उठावे लागते. पाहतो तो बैठकीत दिवा. मी तिच्याजवळ बसलो आणि केवळ सोबत म्हणून विचारले, ‘‘खालच्याला कसे कळते ग, की वरून यायचे ते संपले?’’

‘‘नळाचे वरचे तोंड बंद झाले, की त्याला कळते.’’

‘‘वरचे तोंड एकाच्याच हातात असते?’’

ती बोटे मोजू लागली. नळ शेलने बनवला, तेव्हा दोन्ही तोंडे त्याच्याच हातात होती. मग त्याने दोन मुले निर्माण केली; हुबेहूब प्रतिकृती असल्यामुळे प्रत्येकाच्या हातातही तीच दोन्ही तोंडे आली. पहिल्याने आपले काम संपवून वरचे तोंड सोडले. पण बापाने ते धरूनच ठेवले होते. तो त्यातून काही ओतणार नव्हता. नुसते सोडायला विसरला होता. जोवर एकाच्याही हातात ते तोंड उघडे आहे, तोवर मोजणाऱ्याला वाटणार, अजून काही येईल. आणि बाप त्या मोजणाऱ्याचीच वाट पाहत उभा! दोघेही सकाळपर्यंत तसेच उभे राहिले असते. नको असलेली तोंडे बंद करणाऱ्या चार ओळी तिने घातल्या आणि आकडा आला. सौभाग्यवती उठून आली आणि आम्हा दोघांनाही बोलणी बसली.

इथवर हे महाविद्यालयाचे काम होते. पण नळ चालू झाल्यावर नात म्हणाली, ‘‘आता याला खरे काहीतरी दळायला द्यायला पाहिजे.’’ तेव्हा मी कपाटातून आईच्या ओव्यांच्या वह्या काढल्या.

आई पैठणच्या बाजूची. तिला लिहिता येत नव्हते. पहाटे जात्यावर बसली की ती ओव्या म्हणे. माझ्या आक्काने १९६१ मध्ये, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, त्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. दोन वह्या भरल्या आणि ती सासरी गेली. पिठाची गिरणी आली, जाते माळ्यावर गेले. १९७४ च्या उन्हाळ्यात मी आईला बसवून तिसरी वही लिहिली. जात्याशिवाय तिला आठवत नसे, म्हणून ती नुसता हात फिरवी. अशा ओव्यांचे मोल पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी ओळखले. त्यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि बेर्नार बेल या फ्रेंच संगीतज्ञाने त्या संगणकात नीट मांडायला मदत केली. आमच्या तीन वह्या म्हणजे त्या समुद्रापुढे तांब्याभर पाणी. पण आई आमची होती. ‘‘मला हजार येतात,’’ असे ती म्हणे, आणि आम्ही भावंडे तिची थट्टा करत असू.

महिनाभर आम्ही तिघांनी ओव्या टंकल्या. एका ओळीत एक. मला धास्ती होती, की इंग्रजीत जन्मलेला हा शेल मराठी गिळेल कसा. नातीने एक अक्षरही न बदलता तो गिळला. याची हकीगतही टॉम्पसनकडेच जाते. १९९२ मध्ये त्याने आणि रॉब पाइकने न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, जगातल्या सर्व लिप्या संगणकात साठवण्याची रीत मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक घर लागते आणि देवनागरीला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला तीन. ‘आजी’ हा दोन अक्षरी शब्द नऊ घरे अडवतो. परंतु खुबी अशी, की त्या तीन घरांत मोकळी जागा, उभी रेघ अशा शेलच्या खुणांचे आकडे कधीच येत नाहीत. म्हणून शब्द तोडणाऱ्या शेलकडून मराठी अक्षर मधोमध कापले जात नाही. त्याला मराठी कळत नाही, पण तो तिला इजाही करत नाही.

एकूण ओळी ७०४. क्रमाने लावल्या. ‘वाळवण’ आधी आणि ‘वासरू’ नंतर पाहून मी मास्तरकीने आक्षेप घेतला. आमच्या मुळाक्षरांत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर, यंत्राच्या यादीत तो ‘ल’च्या शेजारी. नात म्हणाली, मोजायला फरक पडत नाही. सारख्या ओळी एक केल्या: ६६१. मी यादी वाचू लागलो आणि थांबलो. एकच ओवी लागोपाठ दोनदा होती. एकीत ‘नाहीं’, दुसरीत ‘नाही’.

आक्का शाळेत शिकली ती जुन्या शुद्धलेखनाप्रमाणे. तिच्या वह्यांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरीं’ असे अनुस्वारांचे रान होते. १९६२ मध्ये नवे नियम आले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि माझी वही त्या नियमांची. आईने एकच ओवी दोघांना सांगितली. आम्ही भावंडांनी तिच्या दोन केल्या. यंत्राला त्या ठिपक्याची तीन घरे दिसतात, म्हणून त्याच्या हिशेबी ओव्या दोन.

‘‘आक्काआजीचे अनुस्वार काढून टाकू,’’ नात म्हणाली. मी नको म्हटले. वहीला हात लावायचा नाही. माझे तरी बरोबर कशावरून? आईच्या तोंडून ते शब्द निघाले तेव्हा त्यात ठिपका नव्हता आणि ठिपक्याचा अभावही नव्हता. यावर आमचे दोन दिवस अबोल्यापर्यंत गेले. अखेर तिनेच वाट काढली. मूळ फाइल तशीच राहील. मोजण्यापुरता वरच्या अंगाला आणखी एक कामगार उभा करायचा. त्याचे नाव सेड, आणि त्याचे काम एवढेच, की वाहत जाणाऱ्या प्रतीतून सर्व अनुस्वार गाळायचे. ‘अंगण’चे ‘अगण’ होईल, पण दोन्ही वह्यांत सारखेच होईल, आणि ते कोणाला वाचायचेही नाही. तिच्या शेलला अवतरणचिन्हे अजून कळत नव्हती. सुदैवाने या आज्ञेत मोकळी जागाच नव्हती, म्हणून ती तशीच निभावली. चार कामगार, तीन नळ. आकडा आला ५९८.

मग ऱ्हस्व-दीर्घाचे जोड आम्ही डोळ्यांनी शोधले. आणखी अकरा निघाले. राहिल्या ५८७.

रात्री मी आक्काला फोन केला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे, कानांनी कमी ऐकते. मी मोठ्याने सांगितले, ‘‘आक्का, आईच्या ओव्या मोजल्या. पाचशे सत्त्याऐंशी. हजार नाहीत.’’

थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अरे, मी सगळ्या कुठे लिहिल्या! ती पहाटे चारला बसायची. मला झोप यायची. दळण निम्मे झाल्यावर मी उठायची आणि तिथून पुढच्या लिहायची.’’